सात रेघांचा कोयता

सातवा कोयता मोडेना.

पातं शिकंज्यात आवळलं होतं, मुठीकडच्या शेपटीवर चार फुटांचा पाइप चढवला होता आणि मी पाय रोवून ओढत होतो. आधीचे सहा इथवर आले की कटकन तुटले होते. हा नुसता वाकायचा. पाइप सोडला की परत वर यायचा, पुरता सरळ नाही, पण जवळपास. भर दुपारची वेळ होती. आबा जेवून आत आडवे झाले होते, दाजी सायकलवर आसपासच्या खेड्यांत धारा लावायला गेले होते. मला रोज तेवढाच तासभर मिळायचा आणि हा एकटाच तो खात होता.

त्याच्यावर चिडायला तसं काही कारण नव्हतं. ओढण्याआधी धार बघायची म्हणून मी मागच्या सुबाभळीची मनगटाएवढी फांदी त्याने तोडली होती. एका घावात खाली आली आणि हाताला कळलंही नाही. पण मला फांद्या तोडायच्या नव्हत्या. मला न मोडणारा आणि न वाकणारा कोयता हवा होता.

"काय वाजतंय रं एवढं?" आक्काने आतून विचारलं.

"जुनं पाटं सरळ करतोय," मी म्हणालो.

शेवटी ऐरणीच्या कडेवर धरून मी त्याला उलटासुलटा वाकवला, आठदहा वेळा. तेव्हा कुठे गेला. शेपटीवर छिन्नीच्या सात रेघा होत्या. कितवा ते लक्षात राहावं म्हणून मी प्रत्येकावर तशा मारायचो. तुकडे कोळशाच्या ढिगामागे पुरले, वर राख ओढली आणि आठव्यासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत घातला.

हा सगळा खटाटोप बोटभर लांबीच्या एका लोखंडासाठी चालला होता. आबांचा छाप. पोलादाची एक कांडी, तिच्या टोकाला चंद्राची कोर कोरलेली. कोयता तयार झाला की आबा ती कोर मुठीजवळ ठेवून वर एकच हातोडी मारायचे. आमच्या डोंगरपट्ट्यातून दर वर्षी दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. जाण्याआधी बायामाणसं आमच्या दारात येऊन म्हणायची, चांदाचा कोयता द्या. त्यांना लोहार कोण याच्याशी मतलब नव्हता, चांद दिसला की झालं. ज्याच्या हातात छाप त्याची ऐरण, असा आमच्या घरचा रिवाज होता. आबांच्या वडिलांनी तो आबांना खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर दिला होता. आता आबांचा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. मी एकुलता एक मुलगा. कुणी वेगळं काही विचारण्याचं कारण नव्हतं.

पण चार वर्षांपूर्वी दाजी घरजावई होऊन आले होते.

भागिनाथ त्यांचं नाव. त्यांच्या घरी एका ऐरणीवर चार भाऊ, म्हणून आबांनीच त्यांना आणि आक्काला इकडे बोलावून घेतलं. मी मित्रांमध्ये त्यांना 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हणायचो आणि मित्र हसले की मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर ते नागोबासारखे अजिबात नव्हते. कमी बोलायचे, वाढलं ते खायचे, मला कधी एका शब्दाने दुखवायचे नाहीत. याचाच मला जास्त राग यायचा. भांडखोर माणसाचा हेवा करायला सोपं असतं.

त्यांच्या कामाच्या तऱ्हा बघून मला हसू यायचं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा तळहात बघायचे. घट्टे कुठे आहेत, डावखुरा आहे का, उंची किती. मग हातात कडब्याचं ताट देऊन म्हणायचे, याच्या बुडावर मारून दाखवा. गिऱ्हाईक वाकलं की हे त्याच्या मनगटाकडे बघत बसायचे. मी म्हणायचो, दाजी, हात बघताय तर लग्नाचा योगही सांगून टाका. कोयत्याला पाणी दिलं, म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवून कडक केलं, की ते त्याच्या धारेवरून एकदा कानस ओढायचे. कानस घसरली तर एवढा मेहनतीने कडक केलेला कोयता परत आगीत घालून थोडा नरम करायचे. मला हे कळायचंच नाही. कडक तेवढा चांगला, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आणि आबा. आबांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. त्यांच्या कौतुकाचा एकच शब्द होता, तोही धड शब्द नव्हे. कोयता हातात घेऊन, मागेपुढे तोलून, काम मनासारखं झालं असेल तर ते "हं" म्हणायचे. बस. मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्या समोर घण मारत होतो आणि दहा वर्षांत मला एकदाही तो 'हं' मिळाला नव्हता. दाजींना पहिल्या आठवड्यात मिळाला. मी भात्याजवळ होतो. माझ्या कानांनी तो ऐकला आणि त्या दिवसापासून आबा दाजींच्या कामाला काय म्हणतात हे मोजत बसायची मला खोड लागली.

भाद्रपदात आश्रुबा मुकादम टोळीचं बघायला आले होते. आमच्याच गावचे, मोठ्या आवाजाचे, कुठेही चार माणसं जमवणारे. आबा आणि ते बाहेर बाजेवर बोलत होते. मी आत भट्टीशी होतो. आबा म्हणाले, "औंदा छाप भागिनाथाच्या हातात द्यावा म्हन्तो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आक्काने विचारलं तर पोट दुखतंय म्हणालो आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी कोयते मोडायला लागलो. आणि पंधरा दिवसांनी, हिंमत आल्यावर, आश्रुबांच्या घरी जाऊन म्हणालो की छाप कुणाला द्यायचा हे बाजाराला ठरवू द्या. माझा एक कोयता, दाजींचा एक. सगळ्यांसमोर घाव घाला, आपटा, वाकवा. टिकेल त्याचा छाप. आश्रुबांना तमाशा आवडायचा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि आबांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

आबांनी मला बोलावलं. दाजी शेजारीच कानशी पुसत होते.

"कोयता बाजारात पारखत्यात व्हय रं?" आबा म्हणाले.

"मंग कुठं पारखायचा? न मोडल त्यो चांगला, मोडल त्यो वाईट. ह्यात काय चुकलं?"

आबांनी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "करू द्या त्येला. मनात ऱ्हायला नको."

त्यांनी घाबरावं, चिडावं अशी माझी फार इच्छा होती. ते परत कानस पुसायला लागले.

खंडेनवमीच्या आधीचा गुरुवार. बाजारतळावरच्या लिंबाखाली आश्रुबांनी आमचा शिकंजा ओंडक्यासकट आणून ठेवला होता. अख्खी टोळी जमली होती, भाजीवाल्याही तराजू सोडून आल्या होत्या. माझा अकरावा मोडला त्यानंतर मी बारावा केला होता आणि तो टिकला होता. पाठ जवळजवळ दुप्पट जाड, पाणी असं कडक की पातं नखाने वाजवलं तरी घंटेसारखं बोलायचं. दाजींनी मात्र खास असं काही केलंच नव्हतं. सकाळी निघताना तयार मालाच्या ढिगातला वरचाच एक काढला. तो भामाबाईचा निघाला, चांद मारायचा राहिलेला.

भामाबाई सानप म्हणजे टोळीतली सगळ्यात जुनी तोडकरीण. पंचावन्नची असेल, अंगाने काडी, जीभ मात्र दुधारी. "मपला कोयता मोडायला काडला व्हय?" ती म्हणाली. "आन् मी काय दातानं ऊस तोडू?" लोक हसले. दाजींनी तिला सांगितलं की मोडला तर दसऱ्याच्या आत दुसरा देतो.

पहिली परीक्षा करंगळीएवढ्या सळईची. मी चार घावांत तोडली आणि धार फिरवून सगळ्यांना दाखवली. एक बारीकशी खाच सोडली तर काही नाही. दाजींच्या कोयत्याने सळई अर्धी कापली आणि धार दोन बोटं दुमडली. माझ्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. दुसरी, काळ्या दगडावर पातं आडवं आपटायचं. दोन्ही टिकले. तिसरी शिकंज्याची. माझ्या कोयत्याच्या पाइपला आधी मी लटकलो, मग आश्रुबा, मग आणखी एक जण. जागचा हलला नाही. मग त्याच पाइपने आम्ही दाजींचा ओढला. पहिल्या ओढीला वाकला, उठला. दुसरीला आणखी वाकला. तिसरीला पार आडवा झाला आणि तसाच राहिला.

मी हसलो. आतून, पोटातून हसू आलं. चार वर्षांचं साठलेलं होतं.

आश्रुबांनी माझा हात धरून वर केला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं की औंदा टोळीला याच जातीचे चाळीस कोयते. आबा गर्दीतून पुढे आले. कमरेच्या पिशवीतून छाप काढला. खंडेनवमीपर्यंत थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत.

"घे," ते म्हणाले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. आणखी काही बोलतील असं वाटलं. पण वळून घराकडे चालायला लागले.

दुपारी भामाबाई तिचा वाकलेला कोयता घेऊन दारात आली. दाजींनी तो ऐरणीवर ठेवला आणि थंडाच ठोकून सरळ केला. पाचसहा हातोड्या. दुमडलेली धार कानशीने काढली, बोट फिरवून बघितलं आणि तिच्या हातात दिला. तिने तो तोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चांद मार की ह्येच्यावर."

छाप माझ्या मुठीत होता. सकाळपासून मी तो खाली ठेवलाच नव्हता. मी म्हणालो, "हरलेल्या कोयत्याला चांद न्हाई मिळत, भामाबाई. नवा घ्या. जिंकल्याला घ्या."

"नवा तुज्या भनीला दे," असं काहीतरी ती बोलली आणि तसाच घेऊन गेली. दाजी भट्टीतली राख ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या बोलण्याने त्यांना लागलं की नाही ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही याचंच वाईट वाटलं.

दसरा झाल्यावर आक्का आणि दाजी टोळीबरोबर निघाले. कारखान्यावर हजारो माणूस असतं, तिथे धारा लावायचं काम मिळेल, असं आक्का म्हणाली. एक लहान भाता, एक ऐरण, भांड्यांचं बोचकं. ट्रॅक्टर हलेपर्यंत ती माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होती. आबांची औषधं कुठे ठेवलीत वगैरे. मी त्यांना जा म्हणालो नव्हतो. राहा असंही म्हणालो नाही. ट्रॅक्टर वळणाआड गेला आणि मला भूक लागली. किती दिवसांनी चांगली भूक लागली होती.

चाळीस कोयते मी दिवाळीच्या आत पूर्ण करून कारखान्यावर धाडले. प्रत्येकावर चांद. प्रत्येक दुप्पट जाड, प्रत्येक कडक. आबा बाजेवर बसून असायचे. मी मुद्दाम एखादा त्यांच्या हातात द्यायचो. ते तोलायचे, परत द्यायचे. मी म्हणायचो, कसा झालाय? ते म्हणायचे, जड झालाय का जरा? मी म्हणायचो, मजबूत आहे.  दाजी गेले, पण 'हं' काही इकडे आला नाही.

चैत्रात टोळी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई आली. मागे दोन गडी पोतं घेऊन. पोतं माझ्या भट्टीसमोर उपडं केलं तसा चाळीस कोयत्यांचा ढीग पडला. मी एक उचलला, दुसरा उचलला. मुठीजवळ चांद लखलखत होते. सगळे अख्खे होते.

माझी छाती फुगली. आबांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "बगा, पाच महिने ऊस तोडला, एक मोडला न्हाई."

"मोडंल कसा?" भामाबाई म्हणाली. "चाललाच कुठं त्यो?"

मला कळलं नाही. तिने पदर खोचला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. ओरडली नाही. त्या बाईला मी पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

"आरं, ऊस बुडात तोडावा लागतू, मातीला लागून. तिथं खडा असतू. ह्यो तुजा खड्यावर गेला की धारंचा दाना उडतू. मंग कानस लावायची तर कानस घसरती. काचंवर घासल्यावानी. माज्या सुनंनं तीन कानशी घालवल्या. बोथट कोयत्यानं जोर लावून मनगाट सुजलं, आन् एक दिस घाव सटकून पायावर आला. नडगी फाटली. महिनाभर पाचटाच्या कोपीत बसून होती." तिने ढिगाकडे हात केला. "पंधरा दिसांत सगळ्यांनी ह्ये कोपीत टाकलं. सरपण फोडायला. भागिनाथ कारखान्याच्या रस्त्याला बसतू, त्येच्याकडनं दुसरं केलं."

मग तिने कमरेचा स्वतःचा कोयता काढला. मी तो ओळखलाच नाही. चार बोटं रुंद पातं झिजून दीड बोटावर आलं होतं. पाच महिने रोज चारपाच वेळा कानस लागून लागून धार मागे मागे सरकत पाठीपाशी आली होती. मुठीला तिच्या हाताचा काळा घट्ट ठसा. शिकंज्यात आडवा झालेला, मी हसलेला तोच कोयता.

"आमी काय तिकडं सळया तोडाया जातो व्हय रं त्रिंबका?" ती म्हणाली.

  तिच्या सुनेची नडगी डोळ्यांपुढे येत होती आणि लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खालीसुद्धा, खोटं कशाला बोलू, जळफळाट चालूच होता. तिथेही दाजीच. तिथेही त्यांचाच कोयता.

भामाबाईने झिजलेला कोयता ऐरणीवर ठेवला. "आता तरी मार चांद. माजा हक हाय त्यो."

मी उठलो. छाप आणला, मुठीजवळ टेकवला, हातोडी उचलली. तेव्हा बाजेवरून आबा म्हणाले, "थांब. आता सोसायचं न्हाई त्येला."

मी पात्याकडे बघितलं. खरंच होतं. एवढ्या झिजलेल्या पात्यावर छापाची हातोडी बसली असती तर ते तुटलं असतं. ज्या दिवशी मारायचा त्या दिवशी मी मारला नव्हता. मी हातोडी खाली ठेवली. भामाबाईने कोयता परत कमरेला अडकवला आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात मी एसटीने कारखान्याकडे गेलो. खिशात छाप होता. रस्ताभर मी काय म्हणायचं ते जुळवत होतो, पण कारखान्याच्या फाट्यावर उतरलो आणि काही आठवेना.

दाजींनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली होती. हंगाम संपला तरी आसपासचे शेतकरी काम देत होते म्हणून ते मागे राहिले होते. आक्का शेडच्या सावलीत विळीवर वांगी चिरत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, आबांची चौकशी केली, जेवून जायचं हं म्हणाली आणि परत विळीवर बसली. मी दाजींसमोर छाप ठेवला.

"तुमचाच हाय," मी म्हणालो. "भामाबाई येऊन गेली. माजं चुकलं."

दाजींनी तो उचलला, कोर अंगठ्याने पुसली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "आबांनी तुला दिलाय. मी कोन घेनार?"

"बाजारात जिंकलो म्हनून दिला. ते जिंकनं कसलं होतं ते आता कळलं."

 दाजी आक्काकडे वळून म्हणाले, "कौसा, विळी दे इकडं."

आक्काने वांगं ताटात ठेवलं आणि विळी पुढे सरकवली. दाजींनी पात्याच्या बुडाशी, जिथे ते लाकडात रुतलं होतं, तिथे बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. छिन्नीच्या बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजल्या.

"कोळसा भरताना खोरं अडलं," दाजी म्हणाले. "उकरलं तर तुकडंच तुकडं. अकरा कोयत्यांचं. सगळ्यांवर कानस ओढून बगितली. धा घसरलं. ह्यो एकटा लागला. लोन्यावानी लागला. त्येचीच ही विळी."

"कदी घावलं तुमाला?"

"बाजाराच्या आदल्या दिशी. आबांना नेऊन दाखवला. त्येंनी दोन्ही तुकडं जुळवून धरलं, तोलून बगितलं."

 मला पुढचं ऐकायचं होतं आणि ऐकवतही नव्हतं.

"काय म्हनलं?"

"हं म्हनलं," दाजी म्हणाले. "छाप तुला त्या बाजारातल्या कोयत्यासाठी न्हाई दिला त्रिंबका. ह्येच्यासाठी दिला. बाजारात तू हरला असता तरी तुलाच देनार व्हते. मला सांगून ठिवलं व्हतं."

मी विळीकडे बघत राहिलो. सुबाभळीची फांदी आठवली. ती खाली आली होती आणि हाताला कळलं नव्हतं. दहा वर्षं ज्या एका शब्दासाठी मी झुरलो तो माझ्यासाठी उच्चारला गेला होता, माझ्या कोयत्यावर, आणि तेव्हा तो कोयता माझ्याच हाताने दोन तुकडे होऊन पडला होता. उलटासुलटा, आठदहा वेळा. मोडत नाही म्हणून.

"मंग मला कामून न्हाई सांगितलं?" मी विचारलं. 

"आबा म्हनलं, आपल्या हातानं केलेलं ज्येला ओळखू येईना त्येला सांगून काय हुनार? कळंल तवा कळंल."

 मी आक्काला म्हणालो की ही विळी मला दे, मी तुला नवी करून देतो. तिने विळी आपल्याकडे ओढली. "न्हाई देनार," ती म्हणाली. "असली परत जमंल का तुला?" चिडवायला म्हणाली होती. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने नजर खाली घेतली आणि उरलेली वांगी चिरायला लागली. ती भाजी मी जेवलो.

त्याला पस्तीस वर्षं झाली. आबा त्याच पावसाळ्यात गेले. त्यांच्यासमोर मी आणखी पंचवीसेक कोयते केले, हलके, कानस लागणारे, गिऱ्हाइकाचा तळहात बघून. ते सगळे लोकांनी नेले, वापरले, झिजवले. आबा हातात घेऊन तोलायचे आणि चांगला झालाय म्हणायचे. 'हं' म्हणाले नाहीत. दाजी तिकडेच राहिले. त्यांची मुलं आता दोन शेड चालवतात आणि आमच्याकडचे लोकही हंगामात त्यांच्याकडे जातात. छाप माझ्याकडे आहे. एकही कोयता मी पुन्हा शिकंज्यात धरला नाही.

दाजींचा हेवा मला अजूनही वाटतो. कमी झालाय, गेलेला नाही. पण खरा हेवा वाटतो तो एका दुपारी भट्टीजवळ पाइप ओढत उभ्या असलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाचा. त्याला तो कोयता जमला होता.